कर्करोग गेला, कानांची नोंद राहिली : बालपणीच्या उपचारांचा प्रौढ वयातील हिशेब

दरवर्षी १५ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन पाळला जातो आणि ३ मार्चला जागतिक श्रवण दिन. दोहोंत जेमतेम पंधरवड्याचे अंतर. पहिल्या दिवशी रुग्णालयांच्या सभागृहांत बऱ्या झालेल्या मुलांचे कौतुक होते, दुसऱ्या दिवशी कानांच्या मोफत तपासणीची शिबिरे भरतात. लहानपणी कर्करोग झालेले, त्यातून बरे होऊन आज विशी-तिशीत पोहोचलेले आणि त्याच उपचारांमुळे कमी ऐकू येऊ लागलेले प्रौढ मात्र या दोन्ही कार्यक्रमांत क्वचितच दिसतात. पहिल्या व्यासपीठाच्या लेखी ते बरे झालेले असतात. दुसऱ्याच्या लेखी ते पुरेसे बहिरे नसतात.

हा प्रश्न मूठभरांचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीनांना कर्करोग होतो. भारतात ही संख्या वर्षाला ५० हजारांच्या वर असल्याचे मानले जाते. श्रीमंत देशांत यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. ही दरी कमी व्हावी म्हणून संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ठेवले. भारतातील मोठ्या केंद्रांमध्ये बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण गेल्या तीन दशकांत लक्षणीय वाढले आहे. याचा सरळ अर्थ असा की, कर्करोगातून वाचलेल्या प्रौढांची संख्याही वर्षागणिक वाढत जाणार. पाचव्या वर्षी आजार संपलेल्या मुलापुढे साठ-पासष्ट वर्षांचे आयुष्य असते. उपचारांचे नियोजन काटेकोर असते; त्यापुढच्या साठ वर्षांचे नियोजन बहुतेक ठिकाणी नसतेच.

प्लॅटिनमचे ऋण आणि त्याचे व्याज

या कहाणीच्या केंद्रस्थानी सिस्प्लॅटिन हे औषध आहे. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे १९६० च्या दशकात जिवाणूंवर विद्युतप्रवाहाचा काय परिणाम होतो ते तपासत होते. जिवाणूंची वाढ थांबली. पण ती विजेमुळे नव्हे, तर प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांपासून तयार झालेल्या संयुगामुळे, हे त्यांच्या लक्षात आले. १९७८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधाला मान्यता दिली. हाडांचा ऑस्टिओसार्कोमा, यकृताचा हेपॅटोब्लास्टोमा, न्यूरोब्लास्टोमा, जननपेशींच्या गाठी, मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा अशा अनेक बालकर्करोगांत या औषधाने चित्र पालटले. आज तिशीत असलेली कितीतरी माणसे केवळ या औषधामुळे हयात आहेत, हे आरंभीच नोंदवायला हवे. पुढील विवेचन त्या औषधाविरुद्धची तक्रार नाही.

पण त्याची किंमत कानांनी मोजली. आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशींची रांग असते. बाहेरच्या रांगेतील अशा पेशी प्रत्येक कानात सुमारे १२ हजार. त्या जन्माला येतानाच मिळतात, मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. सिस्प्लॅटिन या पेशी मारते. शिवाय ते तिथून लवकर बाहेरही पडत नाही. उपचार संपल्यानंतर महिनोन्महिने, काही वेळा वर्षानुवर्षे प्लॅटिनम अंतर्कर्णात टिकून राहते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. शरीराच्या इतर बहुतेक भागांतून ते बाहेर पडत असताना कानात मात्र साठून राहते.

हानी सुरू होते ती या नळीच्या तळापासून, म्हणजे वरच्या पट्टीतले आवाज टिपणाऱ्या भागापासून. तिथेच या दोषाचे कपट आहे. माणूस बहिरा झाला आहे, असे कोणालाच वाटत नाही. दार वाजल्याचे कळते, हाक ऐकू येते, ढोल ऐकू येतो. बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असल्याने तेही पोहोचतात. हरवतात ती स, श, फ, थ यांसारखी बारीक, हवेच्या झोतातून उमटणारी व्यंजने. ‘साठ’ आणि ‘आठ’ या शब्दांत फरक केवळ एका ‘स’चा आहे. दुकानदाराने साठ रुपये सांगितले आणि ग्राहकाने आठ ऐकले, तर ते हसण्यावारी नेता येते. औषधाच्या मात्रेबाबत किंवा परीक्षेतील श्रुतलेखनात ते तसे नेता येत नाही. इंग्रजीत तर अनेकवचनाचा सारा भार शब्दाच्या शेवटच्या ‘स’वर असतो. इंग्रजी माध्यमात घातलेल्या अशा मुलाचे व्याकरण ‘कच्चे’ का, याचे उत्तर शिक्षकाला वहीत सापडणार नाही.

जुन्या दूरध्वनीचा अनुभव असलेल्या वाचकांना याची थोडी कल्पना येईल. तारेवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ इतक्याच पट्टीतला आवाज जात असे. म्हणूनच आडनाव सांगताना ‘स’ की ‘फ’ हे पुन्हापुन्हा सांगावे लागे. सिस्प्लॅटिनने कान दुखावलेल्या व्यक्तीसाठी समोरासमोरचे प्रत्येक संभाषण काहीसे त्या दूरध्वनीसारखे असते, आणि भोवती गोंगाट असेल तर त्याहून वाईट.

त्यात ज्याची श्रवणक्षमता वयाच्या तिसऱ्या वर्षी घटली, त्याच्याजवळ तुलनेसाठी ‘आधीचे’ काहीच नसते. पन्नाशीत ज्याचे कान उतरतात त्याला पूर्वी कसे ऐकू येई, ते आठवते. तिसऱ्या वर्षी ‘स’ हरवलेल्याला तो कसा असतो हेच ठाऊक नसते. त्यामुळे तो तक्रार करत नाही. घरचे म्हणतात, ‘त्याचे लक्षच नसते’. शाळेत म्हणतात, ‘हुशार आहे, पण धांदरट’. पुढे कार्यालयात म्हणतात, ‘बैठकीत बोलत नाही’. तोही हे स्वभावाचे वर्णन म्हणून स्वीकारतो.

धोका कोणाला, कोणाला नाही

सिस्प्लॅटिन घेतलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांना कमी-अधिक प्रमाणात कायमचा श्रवणदोष होतो. वेगवेगळ्या अभ्यासांतील आकडे ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास फिरतात. औषधाची एकूण मात्रा जितकी जास्त आणि मुलाचे वय जितके कमी, तितका धोका अधिक. पाच वर्षांखालील मुले सर्वांत नाजूक. याच कुळातील कार्बोप्लॅटिन नेहमीच्या मात्रेत तुलनेने सौम्य असते, मात्र मूलपेशी प्रत्यारोपणापूर्वी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत तेही कानांना भोवते. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगावर, म्हणजे रेटिनोब्लास्टोमावर कार्बोप्लॅटिन वापरले जाते. या आजारात एक किंवा दोन्ही डोळे गमावलेल्या मुलाची सारी भिस्त कानांवर असते, ही गोष्ट हिशेबात धरली, तर ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

दुसरे कारण किरणोपचारांचे. मेंदूच्या किंवा डोक्या-मानेच्या गाठींसाठी दिलेले किरण अंतर्कर्णावर ३० ग्रे किंवा त्याहून अधिक प्रमाणात पडले, तर श्रवणदोषाचा धोका मोठा मानला जातो. सिस्प्लॅटिनची हानी बहुधा उपचार चालू असतानाच किंवा लगेच नंतर दिसू लागते. किरणांची मात्र काही वर्षे थांबून येते. अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयात सिस्प्लॅटिन न घेता केवळ डोक्यावर किरणोपचार झालेल्या २३५ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यांत १४ टक्क्यांना श्रवणदोष झाला आणि तो सुरू होण्याचा मध्यकाल उपचारांनंतर साडेतीन वर्षांहून अधिक होता. म्हणजे उपचार संपताना केलेली तपासणी निर्दोष असली, तरी तो आयुष्यभराचा दाखला होत नाही.

तिसरे कारण सहज विसरले जाते. किमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी घटून ताप आला की जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी प्रतिजैविके दिली जातात. तीही याच केशपेशींवर आघात करतात. जीव वाचवण्यासाठी ती आवश्यक असतात. पण उपचारांच्या सारांशात किमोथेरपीची औषधे लिहिली जातात, तापाची लिहिली जात नाहीत.

धोका सर्वांना नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या नेहमीच्या उपचारांत प्लॅटिनमची औषधे नसतात. त्यातून बऱ्या झालेल्या बहुसंख्यांनी कानांची विशेष चिंता करण्याचे कारण नाही. माहिती नसल्याचा हा दुहेरी तोटा आहे : ज्यांनी सावध असावे ते बेसावध राहतात आणि ज्यांना भीतीचे कारण नाही, त्यांना अर्धवट माहितीने धास्ती भरते.

ज्यांना खरोखर धोका होता, त्यांच्यात प्रमाण किती, याचे एक उत्तर सेंट ज्यूड रुग्णालयानेच दिले. बालपणी कर्करोग झालेल्या १,७१३ प्रौढांना बोलावून त्यांची प्रत्यक्ष तपासणी करण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कानांना हानी पोहोचवणारे उपचार घेतलेल्यांपैकी ६२ टक्क्यांहून अधिक जणांत श्रवणदोष आढळला. त्याच रुग्णालयाच्या पुढील पाहणीत गंभीर श्रवणदोषाचा संबंध शिक्षण अर्धवट राहणे, नोकरी नसणे आणि स्वतंत्रपणे राहता न येणे यांच्याशी दिसून आला. हा दोष कानांपुरता राहत नाही, तो संपूर्ण प्रौढ आयुष्यावर सावली धरतो.

माहीत असायला हवे, पण सांगितले कोणी?

या प्रश्नाची चर्चा ‘जागरूकतेचा अभाव’ या परिचित शब्दांत केली जाते. या शब्दांत एक आरोप दडलेला आहे : ज्याला आजार झाला त्यालाच माहिती नाही. प्रत्यक्षात ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचेल, अशी व्यवस्थाच नसते.

अमेरिकेत बालकर्करोगातून वाचलेल्यांचा पाठपुरावा करणारा मोठा प्रकल्प १९९४ पासून चालू आहे. त्यातील ६३५ प्रौढांना त्यांच्या आजाराविषयी प्रश्न विचारण्यात आले. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या आजाराचे नेमके नाव ७२ टक्के जणांनी बरोबर सांगितले. मात्र जुन्या उपचारांमुळे पुढे गंभीर त्रास उद्भवू शकतो, याची जाणीव केवळ ३५ टक्क्यांना होती. उपचारांची लेखी माहिती आपल्याला कधीतरी मिळाली, असे सांगणारे होते १५ टक्के. १५ आणि ३५ हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. ज्यांच्या हाती कागदच दिला नाही, त्यांच्याकडून स्मरणाची अपेक्षा करण्यासारखे ते आहे. चार वर्षांच्या मुलाने आपल्याला कोणते औषध किती मिलिग्रॅम दिले, हे लक्षात ठेवावे, असे कोणी म्हणणार नाही. पण तो पंचवीस वर्षांचा झाला की आपण नेमके तेच म्हणतो.

ही स्थिती संगणकीकृत नोंदी आणि कौटुंबिक डॉक्टरांची सवय असलेल्या देशातील. आपल्याकडे तिच्यात आणखी काही गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे मौन. कर्करोगाचे नाव घरात उच्चारायचे नाही, मुलाला कळू द्यायचे नाही, शेजाऱ्यांना तर नाहीच, ही रीत अजून गेलेली नाही. मुलगी असेल तर पुढे लग्नात अडचण नको, म्हणून फाइल कपाटाच्या तळाशी जाते किंवा नष्टच केली जाते. ‘लहानपणी पोटात गाठ होती, ऑपरेशन झाले’ एवढेच ठाऊक असलेले प्रौढ आपल्या आसपास आहेत. आईवडिलांचा हेतू मायेचाच असतो. मात्र पंचविशीत कान तपासायला गेलेली ती तरुणी डॉक्टरांच्या ‘पूर्वी काही मोठा आजार?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते आणि धागा तिथेच तुटतो.

दुसरी गोष्ट अंतराची. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता येथील केंद्रांत बिहारपासून आसामपर्यंतची कुटुंबे येतात. वर्ष-दोन वर्षे धर्मशाळेत राहून उपचार पूर्ण करतात आणि गावी परततात. हाती असतो तो इंग्रजीतील डिस्चार्जचा कागद, संक्षिप्त रूपांनी भरलेला. तालुक्याच्या डॉक्टरलाही त्यातील ‘सीडीडीपी’ म्हणजे सिस्प्लॅटिन हे उमगेलच असे नाही; वाचणाऱ्या पालकांचा तर प्रश्नच नाही.

तिसरी गोष्ट नियमांची आणि ती सर्वांत कमी चर्चिली जाते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. मोठी रुग्णालये स्वेच्छेने याहून अधिक काळ नोंदी ठेवतात, ही त्यांची दूरदृष्टी. नियमाची सक्ती मात्र तीनच वर्षांची. चौथ्या वर्षी उपचार घेतलेल्या मुलाची कागदपत्रे ते धड वाचायला शिकण्याच्या सुमारास निकालात काढली, तरी नियमभंग होत नाही. किरणांमुळे होणारा श्रवणदोष सुरू होण्याचा मध्यकालच तीन वर्षांहून अधिक असताना ही मुदत कोणत्या हिशेबाने पुरेशी ठरते, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. त्याच नियमांतील दुसरी तरतूद मात्र उपयोगाची आहे : रुग्णाने किंवा अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. उपचार नुकतेच संपलेल्या मुलांच्या पालकांनी हा अधिकार वापरावा, असे आवर्जून सांगायला हवे.

देशात चांगले काम होतच नाही, असे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी ‘ॲक्ट’ हे स्वतंत्र क्लिनिक १९९१ पासून चालते. देशात अशा पाठपुराव्याची सुरुवात तिथून झाली, असे मानले जाते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पाठिंब्याने बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट मुंबईत काम करतो. आपण कर्करोगातून आलो आहोत, हे नाव-चेहऱ्यानिशी सांगणारी ही पिढी मौनाच्या भिंतीला तडा देते आहे. बालकर्करोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय गटाने अनेक केंद्रांतील वाचलेल्यांची नोंद ठेवण्याचा उपक्रमही हाती घेतला आहे. पण हे सारे मोठ्या केंद्रांच्या परिघात. ज्याला मुंबईला येण्यासाठी दोन दिवसांचा प्रवास आणि आठवड्याचा रोजगार गमवावा लागतो, त्याचा पाठपुरावा पहिल्या दोन-चार वर्षांतच सुटतो.

डेसिबलच्या तराजूत न बसणारे

समजा, यातूनही एखाद्याला आपल्या दोषाचे कारण कळले. पुढे काय? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘ऐकण्यास कठीण’ या गटाची व्याख्या आहे : बोलण्याच्या वारंवारतांवर दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची श्रवणहानी. त्यापुढे ‘बधिर’. जन्मजात किंवा संसर्गाने येणाऱ्या, सर्व पट्ट्यांत पसरलेल्या बहिरेपणाला ही मोजपट्टी लागू पडते. सिस्प्लॅटिनच्या दोषाचा आलेख मात्र कड्यासारखा असतो : खालच्या पट्टीत जवळपास सामान्य आणि पुढे एकदम कोसळलेला.

एक साधे गणित पाहू. एखाद्या तरुणाला ५०० आणि १००० हर्ट्झवर १५ डेसिबल, २००० हर्ट्झवर २० आणि ४००० हर्ट्झवर ७५ डेसिबलची हानी आहे. चौथा आकडा सरासरीत धरला, तरी उत्तर येते सुमारे ३१. तो वगळला तर सतराच्याही आत. ८००० हर्ट्झवर त्याला काहीच ऐकू येत नसेल, तरी ते या हिशेबात येतच नाही. वर्गात, बँकेच्या खिडकीवर, रेल्वे स्थानकाच्या उद्घोषणेत त्याची दररोज गाळण उडते. पण कायद्याच्या तराजूत त्याचे वजन भरत नाही. ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही, म्हणून केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून श्रवणयंत्र नाही, परीक्षेत सवलत नाही. दुसरीकडे, वैद्यकीय तपासणीची अट असलेल्या नोकरीत हाच आलेख आडवा येऊ शकतो. आरक्षणासाठी अपुरा आणि भरतीसाठी नको इतका, अशी ही श्रवणहानी.

विमाही येथे थांबतो. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने २०१८ पासून रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना आधार दिला आणि त्यात कर्करोगाच्या अनेक कुटुंबांचा जीव भांड्यात पडला. मात्र कानांची तपासणी हे बाह्यरुग्ण विभागाचे काम, ते योजनेच्या कक्षेबाहेर. लहान मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात अंगणवाडी व शाळांतून श्रवणदोष शोधले जातात. तो १८ व्या वर्षी संपतो. बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला, पण कर्करोग रुग्णालयाने ‘हा मुलगा तपासा’ अशी चिठ्ठी जिल्हा रुग्णालयाच्या श्रवण विभागाला धाडावी, असा नेहमीचा रस्ता दोन कार्यक्रमांमध्ये नाही. सगळे दुवे स्वतंत्रपणे अस्तित्वात आहेत. एकमेकांना जोडलेले मात्र नाहीत.

हानी टाळता येईल का, या आघाडीवर एक आशादायक बातमी आहे, पण ती आजच्या प्रौढांसाठी उशिरा आली. सायनाइडच्या विषबाधेवर उतारा म्हणून जुन्या काळापासून वापरात असलेले सोडियम थायोसल्फेट सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी दिले, तर कान बऱ्याच अंशी वाचतात. यकृताच्या कर्करोगाच्या मुलांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत केवळ सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत श्रवणदोषाचे प्रमाण ६३ टक्के होते. सोबत हे औषध दिलेल्यांत ते ३३ टक्क्यांवर आले. चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने एका महिन्यापुढील मुलांसाठी त्याला मान्यता दिली. मान्यता मर्यादित आहे : कर्करोग शरीरात पसरलेला नसेल तरच. आधीच्या एका चाचणीत आजार पसरलेल्या मुलांच्या जगण्यावर प्रतिकूल परिणाम होत असावा, अशी शंका आली होती. कान वाचवताना कर्करोगालाही संरक्षण मिळू नये, ही चिंता रास्त आहे. त्यामुळे हे औषध सरसकट सर्वांना द्या, असे म्हणणे घाईचे ठरेल. मात्र ज्या मुलांना ते लागू पडते, त्यांच्यासाठी भारतात ते परवडेल असे कसे होईल, हा प्रश्न धोरणकर्त्यांच्या पटलावर यायला हवा.

कर्करोगतज्ज्ञांची बाजूही ऐकली पाहिजे. गर्दीने ओसंडणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात समोर मरणाच्या दारात असलेले मूल असताना वीस वर्षांनंतरच्या कानांविषयी किती बोलायचे? संमतिपत्रावर वीस दुष्परिणाम असतात. पालकांना त्यांतला मृत्यू तेवढा ऐकू येतो. ही अडचण खरी आहे. म्हणूनच ही चर्चा पहिल्या दिवशी नव्हे, तर उपचार संपल्यावर, आणि एकदा नव्हे, तर मूल मोठे होत जाताना पुन्हा पुन्हा व्हावी लागते : आधी पालकांशी, मग पंधरा-सोळाव्या वर्षी थेट त्या मुलाशी किंवा मुलीशी. माहिती दिल्याने भीती वाढते, हा आक्षेपही ऐकू येतो. पण कारण न कळता स्वतःला मठ्ठ समजत जगण्यापेक्षा ती भीती परवडण्यासारखी आहे, असे आमचे मत.

आणि उपाय फार खर्चिक नाहीत. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुचवलेले वेळापत्रक असे : धोक्याचे उपचार घेतलेल्या सहा वर्षांखालील मुलांची दरवर्षी, सहा ते बारा वयोगटात एक वर्षाआड आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी श्रवणतपासणी. म्हणजे प्रौढाला पाच वर्षांतून एकदा बंद खोलीत अर्धा तास बसायचे आहे. शुद्ध ध्वनीची ऑडिओमेट्री जिल्हा पातळीवर अनेक ठिकाणी उपलब्ध आहे. फक्त तपासणी ४००० हर्ट्झवर न थांबवता ८००० पर्यंत, आणि सोय असेल तर त्याहीपुढे न्यावी, ही सूचना चिठ्ठीवर लिहिलेली हवी. दोष आढळला तर वरच्या पट्टीपुरते आवाज वाढवणारी श्रवणयंत्रे मिळतात. वर्गात शिक्षकाच्या गळ्यातील माइकचा आवाज थेट विद्यार्थ्याच्या कानात पोहोचवणारी साधनेही आहेत.

मुख्य गरज आहे ती एका पानाची. त्यावर आजाराचे नाव, प्लॅटिनम औषधांची एकूण मात्रा, किरण कुठे आणि किती दिले, कोणती प्रतिजैविके वापरली, शेवटच्या श्रवणतपासणीचा आलेख, आणि पुढची तपासणी केव्हा, एवढे असावे. इंग्रजीत आणि कुटुंबाच्या भाषेतही. २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या डिजिटल आरोग्य अभियानात प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. हे पान त्या खात्यात जोडले गेले, तर कपाट जळाले, रुग्णालयाने फायली निकालात काढल्या किंवा कुटुंब गाव सोडून गेले, तरी ते हरवणार नाही. नोंदी जपण्याची तीन वर्षांची मुदत बालकर्करोगापुरती वाढवणे हा नियमातील छोटा बदल आहे. श्रवणहानीच्या व्याख्येचा फेरविचार अधिक अवघड. परंतु सर्व पट्ट्यांची एकच सरासरी काढण्याऐवजी गोंगाटातील शब्द ओळखण्याची चाचणी विचारात घेता येईल का, याची चर्चा तज्ज्ञांनी सुरू करायला हरकत नाही.

तोवर, लहानपणी कर्करोग झालेल्या आणि आज प्रौढ असलेल्या वाचकांनी आईवडिलांना विचारावे : गाठ कसली होती, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या साली? नोंदणी क्रमांक मिळाला तर जुन्या केंद्राला लिहून उपचारांचा तपशील मागवावा. मोठ्या केंद्रांत तो मिळण्याची शक्यता चांगली असते. प्लॅटिनमचे औषध किंवा डोक्यावर किरण असे उत्तर आले, तर एकदा कान तपासून घ्यावेत. यापुढे कोणत्याही आजारात डॉक्टर इंजेक्शनचे प्रतिजैविक लिहू लागले की ही माहिती आधी सांगावी. पर्याय असेल तर ते निवडतील, नसेल तर कानांवर लक्ष ठेवतील. ज्या केशपेशी उरल्या आहेत, त्यांना मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीसमोर आणि कानात कोंबलेल्या इयरफोनसमोर उभे करू नये. इतरांच्या गाठीशी असते तेवढी शिल्लक त्यांच्याकडे नाही. कारखान्यात यंत्रांजवळ काम असेल, तर कानसंरक्षक मागून घ्यावेत.

आईवडील अजून आहेत, त्यांना आठवते आहे, तोवरच हे प्रश्न विचारता येतील. नव्वदच्या दशकात बऱ्या झालेल्या मुलांचे पालक आता साठी-सत्तरीत आहेत.